तो ट्रेडमिल की ती ट्रेडमिल

माझा पायघोळ अबाया ट्रेडमिलच्या पट्ट्यात अडकला आणि मी ताशी चार किलोमीटर वेगाने मागे-मागे जायला लागले, तेव्हा सेल्समन मला ब्लूटूथबद्दल सांगत होता.

"मॅडम, इसमें गाना भी सुन सकते हैं..."

"भाईसाहब, बंद करो!"

"बंद का बटन भी है मॅडम, एकदम सॉफ्ट टच..."

तेवढ्यात नारिंगी जाकिटातला एक हात माझ्या खांद्यावरून पुढे आला, त्याने मशीनवरची लाल चावी खेचली आणि पट्टा थांबला. मीही थांबले. सेल्समन मात्र वॉरंटीवर गेला.

"वाचली बाय एकदाची," तो हातवाला स्वतःशीच पुटपुटला.

मी गर्रकन वळले. दम्मामच्या हायपरमार्केटात, वजनकाट्यांच्या आणि प्रोटीनच्या डब्यांच्या मधोमध – मराठी!

"तुम्ही मराठी आहात?"

"म्हसळा," तो म्हणाला. जणू 'हो'ला हाच शब्द असतो.

मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने मागचा रोलर हाताने इतका हळूहळू उलटा फिरवला, की माझ्या अबायाचा एक धागासुद्धा तुटला नाही. काठाला फक्त ग्रीसचा काळा डाग राहिला. तो त्या डागाकडे बघत राहिला.

"हा जाणार नाही," तो म्हणाला. इतक्या दुःखाने, की मलाच वाटलं त्याला धीर द्यावा.

जाकिटावर नाव होतं – शारीक. तो दुकानात कामाला नव्हता, दुकानाचा सरकता जिना दुरुस्त करायला आला होता. "सरकता जिना म्हणजे काय, तिरका ट्रेडमिलच," त्याने सांगितलं. "फक्त लोक त्यावर घाम गाळत नाहीत."

शेजारच्या मशीनवर माझे अब्बा, सिराजुद्दीन, ट्रकच्या सुट्या भागांचे व्यापारी, दोन मिनिटं चालून दहा मिनिटांचा दम खात उभे होते. सेल्समनने वजन विचारलं. अब्बा म्हणाले, "पंच्याऐंशी."

शारीकने मान वाकडी करून मोटरचा आवाज ऐकला. "काका, मोटरला अठ्ठ्याण्णव ऐकू येतंय."

"खिशात मोबाइल आहे," अब्बा म्हणाले.

"तेरा किलोचा?"

अब्बांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग हसले. अब्बा ज्याच्यावर आधी रागावतात आणि मग हसतात, त्याला घरी चहाला बोलावतात. आजवर एक विमा एजंट आणि एक ट्रॅफिक पोलीस येऊन गेले होते.

तर, ट्रेडमिलचं कारण असं. अब्बांची साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज अर्धा तास चाला, तीन महिन्यांत आकडा खाली आला नाही तर इन्सुलिन. आणि अब्बा सुईला इतके घाबरतात, की अम्मी त्यांच्यासमोर शर्टाचं बटणसुद्धा लावत नाही. बाहेर शेहेचाळीस डिग्री. मॉलमध्ये चालायला जायचे, पण मॉलच्या दुसऱ्या टोकाला कुनाफ्याच्या मिठाईचं दुकान आहे, आणि अब्बा प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला पोचायचे. म्हणून घरातच मशीन. बजेट बाराशे रियाल. जागा, अम्मीची शिवणमशीन आणि फ्रिज यांच्यामधली.

चहाच्या दुसऱ्या कपाला शारीकने कागद मागून घेतला.

"डब्यावर तीन हॉर्सपॉवर लिहितात, ती क्षणभराची. मोटर न थकता किती देते ते विचारायचं. काकांना सतत दीड-दोन हवी. पट्टा निदान पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद. वजनाची मर्यादा एकशे वीस. चढ नको, ब्लूटूथ नको, हृदयाचे ठोके मोजणारं हँडल नको..."

"ते का नको?" अम्मीने विचारलं. अम्मीला हँडल आवडलं होतं.

"ते अंदाजे सांगतं, काकू. एकदा मी त्यावर सफरचंदाची पिशवी टांगली होती. ब्याऐंशी ठोके आले."

मी हसले. तो माझ्याकडे बघून हसला नाही – कागदाकडे बघून हसला. मला ते जास्त लागलं.

"आणि ह्या पैशात नवीन बरा मिळणार नाही," तो म्हणाला. "जुना घ्या. ह्या शहरात दर महिन्याला कोणी ना कोणी कायमचं घरी परत जातं. प्रत्येकाच्या घरात एक ट्रेडमिल असतो. त्यावर कोणी चाललेलं नसतं. मी येतो बघायला, शुक्रवारी मोकळाच असतो."

अशा रीतीने आमचे शुक्रवार सुरू झाले.

पहिल्या घरी ट्रेडमिलवर वाळत घातलेले अठरा शर्ट होते. ते उतरवल्यावर खाली पट्टाच नव्हता. मालकांना ही गोष्ट आमच्याबरोबरच कळली. दुसऱ्या घरी त्यावर पोपटाचा पिंजरा होता आणि मोटर सुरू केली की पोपट अरबीत 'चला, चला' ओरडायचा – "यल्ला! यल्ला!" अब्बा त्या दिवशी विक्रमी सात मिनिटं चालले. पण पोपट विकायचा नव्हता.

ठरलेली पद्धत अशी की अब्बा मशीनवर चढायचे, शारीक वाकून मोटरला कान लावायचा, आणि मी हातात कागद धरून उभी. मोटरचा घरघराट सुरू झाला की अब्बांना काही ऐकू जायचं नाही. मग आम्ही बोलायचो. जुन्या, खडखडणाऱ्या मशीनचे मी किती उपकार मानू...

"तुम्ही सारखं 'ती' ट्रेडमिल म्हणता," एकदा तो खालून म्हणाला. "'तो' असतो."

"ती मिल. गिरणी. ती गिरणी."

"ज्याच्यात मोटर असते तो 'तो'. पंखा, मिक्सर, फ्रिज."

"वॉशिंग मशीन?"

"...अपवाद."

"मोटारगाडी?"

"मोटारगाडीत मोटर नसते, इंजिन असतं." तो अगदी गंभीर होता. कपाळावर धुळीची एक रेघ होती. "तुम्ही आठ दिवस 'तो' म्हणून बघा. नाही जमलं तर परत करा."

मी 'तो' म्हणायला लागले. प्रेमात माणसं घर सोडतात, गाव सोडतात. मी स्त्रीलिंग सोडलं.

तिसऱ्या शुक्रवारी त्याने पट्ट्याखाली बोट फिरवत, वर न बघता सांगितलं, "माझी बदली झालीय. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी. ह्या महिन्याअखेर."

ती पार तिकडे, लाल समुद्राच्या काठाला. मध्ये अख्खा देश.

"तिथे सरकते जिने आहेत?"

"नाहीत. बसवायला चाललोय."

"मग माणसं?"

"माणसं नंतर येतील म्हणे."

मोटर घरघरत होती. अब्बा चालत होते. मी कागदावर 'पट्टा ठीक' असं लिहिलं आणि मग 'ठीक' खोडलं.

कारण हिशेब सरळ होता. ट्रेडमिल मिळाला की शुक्रवार खलास. ना आमच्या घरात सरकता जिना, ना त्याच्या घरात माझं काही काम. त्याच्या जायच्या आत दोनच शुक्रवार उरले होते. आणि त्यातल्या पहिल्याच शुक्रवारी धाहरानला, एका तेल कंपनीतल्या इंजिनियरच्या घरी, तो समोर आला – एकदम परिपूर्ण ट्रेडमिल. पावणेदोन हॉर्सपॉवर, रुंद पट्टा, घडी होणारा, एक हजार रियाल. अब्बा त्यावर अकरा मिनिटं चालले आणि उतरून म्हणाले, "हा घेऊ या."

"रंग..." मी म्हणाले.

"काय रंगाला?"

"राखाडी आहे. आपला फ्रिज पांढरा आहे."

अब्बांनी शारीककडे पाहिलं. आता हा काहीतरी शहाणपणाचं बोलेल म्हणून मीही पाहिलं. शारीकने ट्रेडमिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाली बघितलं आणि घसा खाकरला.

"पट्टा जरा... डावीकडे सरकतोय, काका."

आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला उगाचच गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

मंगळवारी ते गाणं थांबलं. दुपारी असरच्या नमाजानंतर अब्बा घरात कोणाला न सांगता खाली उतरले आणि रस्त्यावरच चालायला लागले. ऑगस्टमध्ये. कोपऱ्यावरच्या बकालावाल्याने, म्हणजे किराणा दुकानदाराने, फोन केला – बाबा फुटपाथवर बसलेत, चक्कर आलीय, थंड पाणी दिलंय, या. मी धावत गेले तेव्हा अब्बा दूध-बिस्किटांच्या क्रेटवर बसले होते, टोपी हातात, शर्ट ओला. मला बघून ते लहान मुलासारखं हसले.

"तुला पसंत पडेपर्यंत म्हटलं इथे चालतो," ते म्हणाले. "पोरीच्या मनासारखा रंग मिळू दे."

डॉक्टरांनी साखरेचा आकडा पाहून मान हलवली आणि पुढच्या भेटीची तारीख जवळ आणली. इन्सुलिनची ती तारीख.

त्या संध्याकाळी मी शारीकला फोन केला.

"पहिला जो धड मिळेल तो घ्यायचा. रंग नाही बघायचा. माझ्यामुळे अब्बा..."

तो म्हणाला, "तुमच्या एकटीमुळे नाही. धाहरानचा पट्टा सरकत होता ते खरं. पण ते पान्याने दोन मिनिटांचं काम होतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"दोन मिनिटांत काम संपलं असतं..."

मला वाटलं आता तो आणखी काही बोलेल. त्याला वाटलं असेल, मी बोलेन.

"तो धाहरानवाला विकला गेलाय, मी विचारलं," तो शेवटी म्हणाला. "पण शेजारच्या खोबर शहरात एक आहे. शुक्रवारी जुम्म्यानंतर येतो. शनिवारी मी निघतोय."

खोबरचा ट्रेडमिल चौथ्या मजल्यावर होता. मारिसेल नावाच्या फिलिपिनो नर्सचा. दोन वर्षं वापरलेला, आता ती कायमची मायदेशी निघाली होती. तिने आम्हाला आंब्याचा रस दिला आणि ट्रेडमिलला शेवटचं पुसून घेतलं. अब्बा वर चढले. पाच मिनिटं, आठ मिनिटं, दहा. मोटर इतकी शांत, की आमच्या बोलण्याची काही सोयच राहिली नव्हती. शारीक गुडघ्यावर बसून पट्ट्याखाली सिलिकॉनचं तेल सोडत होता, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

आणि माझा फोन वाजला. जोहराखाला, खेडहून. खाला अम्मीची मोठी बहीण, आणि तीन वर्षांपासून माझ्यासाठी मुलगा शोधायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय.

"काय गो इफरा, बघायला गेलीस म्हणे? तुझी आई म्हणाली."

"हो खाला. समोरच आहे."

"समोरच? बरं, हळू बोल. कसा आहे?"

"चांगला वाटतोय. शांत आहे. अजिबात आवाज करत नाही."

"अल्लाहचे उपकार! कुणाकडचा?"

"एका फिलिपिनो नर्सकडचा. दोन वर्षं होता तिच्याकडे."

खेडमध्ये शांतता पसरली.

"...आणि आता?"

"आता ती कायमची चाललीय. त्याला कुठे नेणार? विमानात वजन किती होईल. म्हणून मिळेल त्या किमतीला देतेय."

"देतेय?" खालाचा आवाज चढला. खालाला स्पीकरची गरज लागत नाही, खोलीतल्या सगळ्यांना ती आपोआप ऐकू येते. "आणि तुझ्या बापाला हे पसंत आहे?"

"अब्बा त्याच्यावरच उभे आहेत खाला. अठ्ठ्याण्णव किलो घेतले त्याने, हूं नाही की चूं नाही. आणि घरात जागा कमी ना, तर काम झालं की घडी घालून पलंगाखाली सरकवता येतो. मला वाटतं, चालेल."

"चालेल म्हणू नको!" खाला रडायला लागली. "इफरा, बाय माझी, अजून वेळ गेलेली नाही. वय सव्वीस म्हणजे काही फार नाही गो. वापरलेला नवरा करू नको!"

तेव्हा कुठे मला उमगलं, की खाला कोणाला बघत होती आणि मी कोणाला.

सोपं होतं. एक शब्द – ट्रेडमिल. मी तो म्हणायला तोंड उघडलं. समोर शारीक तेलाची बाटली तशीच धरून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. उद्या तो निघणार होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला हवं होतं, इतका मोठा विनोद झाला होता... आणि तो हसत नव्हता.

"खाला, तो ट्रेडमिल आहे," मी म्हणाले. "चालायचं यंत्र. नर्सकडचा तो. माणूस वेगळा आहे."

"कोण माणूस?"

"शारीक," मी म्हणाले. माझेच कान गरम झाले. "म्हसळ्याचा. सरकते जिने दुरुस्त करतो. त्याला अजून मी विचारलेलं नाही."

खालाने एकदम फोन ठेवला. खाला बोलते तेव्हा काळजी नसते, ती फोन ठेवते तेव्हा करावी.

तेलाचा एक थेंब जमिनीवर पडला. अब्बा भिंतीकडे बघत चालत होते. फक्त त्यांचा वेग चारवरून साडेपाचवर गेला होता आणि बटण त्यांनीच दाबलं होतं. मारिसेलला मराठी येत नव्हती, पण तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि न मागता शंभर रियाल कमी केले.

लिफ्ट लहान होती. ट्रेडमिल उभा करून आत घातल्यावर एका बाजूला शारीक मावला, दुसऱ्या बाजूला मी. अब्बा बाहेरच थांबले.

"मी जिन्याने येतो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

दार बंद झालं. मध्ये साठ किलोचा ट्रेडमिल. मला त्याचे फक्त बूट दिसत होते, आणि लोखंडी दांड्याला धरलेली चार बोटं. तिसरा मजला गेला. मग हलकासा धक्का बसला आणि लिफ्ट थांबली.

"बंद पडली?"

"नाही. मी थांबवली." पलीकडून आवाज आला. "जिन्या-लिफ्टच्या आठ वर्षांच्या कामात पहिल्यांदा विनाकारण थांबवलीय. म्हणजे... कारण आहे. तुम्ही मघाशी फोनवर जे बोललात..."

"खाला रडत होती. काहीतरी सांगायलाच हवं होतं."

"म्हणजे नाइलाजाने?"

"अर्धं."

"आणि उरलेलं अर्धं?"

मी समोरच्या पट्ट्याशी बोलत होते. त्याला तोंड नव्हतं, म्हणून सोपं गेलं.

"धाहरानच्या ट्रेडमिलचा रंग मला आवडला होता," मी म्हणाले.

मग ती चार बोटं दांड्यावरून थोडी पुढे सरकली – माझ्या बोटांच्या जवळ, एवढीच, आणि तिथे थांबली.

"तिकडे चौदा महिने आहेत," तो म्हणाला. "तेराशे-चौदाशे किलोमीटर. इथे यायला मला काहीतरी कारण लागेल. ट्रेडमिल बिघडला असता तर आलो असतो. पण हा बिघडणार नाही, मीच निवडलाय... चांगला निवडला, हीच चूक झाली."

"मग कारणाशिवाय ये."

लिफ्टमध्ये पंख्याचा आवाज होता, तोही मला थांबल्यासारखा वाटला.

"'या' नाही म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "'ये' म्हणालीस."

"तू पण आत्ता 'म्हणालीस' म्हणालास."

माझ्या करंगळीला सिलिकॉनचं तेल लागलं. पुसलं नाही मी.

खालून अब्बांनी दार ठोठावलं. "काय झालं रे? अडकलात?"

"काका, दोन मिनिटं!" शारीक ओरडला. "काम चालू आहे!"

"दोन मिनिटांचं काम कसं असतं ते मला माहीत आहे तुझं! सावकाश कर!" अब्बा म्हणाले.

दार उघडलं तेव्हा अब्बा शेवटच्या पायरीवर बसून वारा घेत होते, चेहरा लालबुंद, अगदी प्रसन्न. आणि नेटवर्क परत आल्याबरोबर शारीकचा फोन वाजला. त्याने स्क्रीन पाहिली. रंग उडाला त्याचा.

"म्हसळ्याहून. अम्मी."

खालाने फोन ठेवून अकरा मिनिटं झाली होती. खेड ते म्हसळा गाडीने निदान दोन तास लागतात.

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून येणारा प्रत्येक शब्द मलाही ऐकू येत होता, ह्या घराण्यातही स्पीकरची गरज नव्हती तर. "अरे शारीक, तुझं जमलं म्हणे? खेडच्या कोणाचा तरी फोन आला होता आपल्या शेजारी! पोरगी कोण? आणि ही नर्स कोण मध्येच?"

मोटरचा आवाज ऐकून किलो सांगणारा माणूस, स्वतःच्या आईपुढे नुसता उभा. त्याने माझ्याकडे बघितलं... विचारत होता तो. इतक्या शुक्रवारांत पहिल्यांदाच तो कागदाकडे, पट्ट्याकडे, जमिनीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत होता.

मी हात पुढे केला आणि त्याच्याकडून फोन घेतला.

"अस्सलामु अलैकुम, अम्मी," मी म्हणाले.

पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडली. मग एक लांब श्वास, आणि आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा खूप हळू आवाजात त्या म्हणाल्या,

"जेवलीस का गो?"